सवलतीचं वर्ष

शिवणकामवालीने घरात इंटरनेट घेतलं ते केवळ सासऱ्यांसाठी. म्हातारे अंथरुणाला खिळलेले, नवरा बोटीवर आणि ती दिवसभर दुकानात. कंपनीने वर्षभर निम्म्या दरात लाइन दिली, वर कॅमेरा फुकट. मशीन चालवता चालवता तिचा एक डोळा मोबाइलवर असायचा. बाबांनी कूस बदलली की जिवात जीव यायचा.

वर्ष सरलं आणि बिल दुपटीने आलं. तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा गोड होता. सवलत संपली, करारात बारीक अक्षरांत तसं लिहिलंय, असं त्याने समजावलं. ती म्हणाली, मग लाइन तोडा. दुपारी शेजारच्या काकू डोकावतील, असं तिने घरात आधीच ठरवून टाकलं होतं.

तो म्हणाला, "बघा हं. काकू दोनला झोपतात. बाबांना तहान लागते अडीचला."

काकूंचं नाव तिने फोनवर काढलंच नव्हतं. तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारल्यावर तो पुन्हा सवलतीवर घसरला. तिने फोन ठेवला, घर गाठलं आणि कॅमेऱ्याची वायर उपटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक जण कंपनीचं सामान न्यायला आला. गळ्यात ओळखपत्र, वागणं अदबीचं. चपला काढून तो न विचारता थेट आतल्या खोलीत गेला आणि उशीखालचा चष्मा काढून बाबांच्या हातात दिला.

"चला, बाबा. येतो मी," तो म्हणाला. तोच गोड आवाज. ती पुढे होईपर्यंत तो कॅमेरा पिशवीत घालून निघूनही गेला.

कंपनीत विचारलं तर उत्तर आलं, आमचा माणूस उद्या यायचा आहे.

बाबा मात्र खुशीत होते. "भला पोरगा आहे गं. रोज दुपारी बोलायचा त्या कॅमेऱ्यातून. आपुलकीने सगळं विचारायचा."

"सगळं म्हणजे काय, बाबा?"

म्हातारे आठवून आठवून सांगू लागले. ती दुकानातून कधी परतते. मुलाची बोट कधी लागणार. जादा किल्ली कुठे असते.

संध्याकाळच्या आत तिने कुलूप बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला टाळं लावून मशीन घरी आणलं. आता ती दाराकडे तोंड करून शिवते, आणि जिन्यात पाऊल वाजलं की तिचा पाय मशीनच्या पॅडलवर थबकतो.