पुढच्या तारखांचा आवाज

"आधी पाणी पी. मग देवापाशी बस. आणि ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस."

रोज सकाळी साडेपाचला हे मला असं सांगतात. यांना जाऊन चौदा महिने झाले.

यात चमत्कार काही नाही. हे लिफ्ट दुरुस्त करत. हात कायम ग्रीसने माखलेले, त्यामुळे काही लक्षात ठेवायचं तर लिहून नाही, बोलून. यांच्या फोनच्या कंपनीने घड्याळाचं स्वतःचं वेगळं अॅप दिलं होतं. त्यात आपल्या आवाजात आठवण भरायची, तारीख लावायची; त्या दिवशी फोन आपल्याच आवाजात बोलतो. ही सोय दुसऱ्या कुठल्या फोनवर नाही, याचा यांना असा अभिमान, जणू यांनीच ती शोधून काढली. आता तो फोन मी वापरते.

सकाळचा जप होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. हे होते तेव्हाही सकाळी हेच बोलत आणि मी नुसती मान हलवत असे. अजून हलवते.

त्या हाकेची सवय झाली होती. भीती वाटे ती इतर आवाजांची. मी हॉस्पिटलच्या कपडेखोलीत काम करते. एकदा भर दुपारी चादरींच्या घड्या घालत असताना एप्रनच्या खिशातून हे म्हणाले, "गीझर गळतोय का बघ." शेजारची बाई हातातली उशी टाकून बाहेर गेली. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर न्हाणीघरात थेंब थेंब पाणी पडत होतं. दरवर्षी याच सुमाराला तो गळतो, हे यांना ठाऊक असणार. तरी मी बराच वेळ दारातच उभी राहिले.

आत अजून काय काय आहे, हे बघायची सोय नव्हती. मागच्या अपडेटमध्ये कंपनीने आठवणींची यादीच काढून टाकली; जुन्या आठवणी मात्र वेळ झाली की वाजत राहिल्या. खोलीचं दार विटांनी बुजवावं आणि आतलं माणूस बोलत राहावं, तसं.

मग नवं अपडेट आलं. दोनदा 'नंतर' दाबलं. तिसऱ्यांदा फोनने बजावलं, की आता एकदाच पुढे ढकलता येईल, मग ते आपोआप बसेल. तिकडे हॉस्पिटलचं हजेरीचं अॅपही एक तारखेपासून अपडेट न केलेल्या फोनवर चालणार नव्हतं. मी फोन घेऊन वन्संकडे गेले. माझी नणंद त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला आहे.

"हे अपडेट जगाला मिळून दोन वर्षं झाली, वहिनी," खुर्ची ओढून देत त्या म्हणाल्या. "आमची कंपनी आधी त्याला आपला रंगरंगोटीचा साज चढवणार, मग एकेका मॉडेलला वाढणार. तुमचा फोन म्हणजे पंगतीत शेवटी बसलेला."

"उशीर झाला तेच बरं झालं. पण बसल्यावर यांचा आवाज?"

वन्संनी स्क्रू ठेवायची ताटली बाजूला सारली. "जाईल. घड्याळाचं ते अॅपच बंद केलंय. कॉपी काढू देत नाहीत, कुलूप आहे त्याला."

"सकाळचा आवाज तुमच्या फोनवर भरून घेता येईल. पण अजून बोलायचेच आहेत, ते? यांनी काय सांगून ठेवलंय, ते मला कळणारच नाही."

"दादा जिवंतपणी तरी कुठे सगळं सांगायचा," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. जेवणाची सुट्टी होती, बाहेर कोणी नव्हतं.

"एक उपाय आहे. नवा फोन तपासताना आम्ही त्याची तारीख हाताने पुढे करतो. मधल्या सगळ्या आठवणी एकामागून एक वाजतात. तीन वर्षं पुढे नेऊ. ऐकवेल ना तुम्हाला?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, की जप केव्हाच झाला आहे. "ऐकेन," मी म्हणाले.

त्यांनी स्वतःचा फोन शेजारी ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि यांच्या फोनवरची तारीख बदलली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर येत्या गुरुवारची तारीख उमटली.

"पिवळ्या इमारतीच्या लिफ्टची गॅरंटी आज संपली. आता कंपनी बटणांच्या पट्टीला हात लावू देईल. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना दिसत नाही. बटणांवर उठावाचे आकडे लावून द्यायचे. आकडे करून माझ्या कामाच्या पिशवीत ठेवलेत, मागे चिकटपट्टी आहे. सोसायटीचं पत्रही आहे. शब्द दिलाय, विसरायचं नाही."

बोलणं स्वतःशीच होतं. तरी मी म्हटलं, "हो."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. फोन पुढे चालला. विम्याचा कागद. माझ्या डाव्या डोळ्याची तपासणी. गीझर, पुन्हा गीझर. "बहिणीला फोन कर, ती स्वतःहून करायची नाही." यावर वन्संनी हसत पदराने नाक पुसलं. तारखा पुढे पळत होत्या. हे मात्र त्याच वयात बोलत होते, मध्येच खोकत, मध्येच कोणाला तरी "पाना दे रे" म्हणत.

शेवटची आठवण पावणेतीन वर्षांनंतरची होती. तिच्यात शब्द नव्हते. लिफ्टच्या खड्ड्यात घुमणारा वारा आणि यांचा श्वास. चुकून बटण दाबलं गेलं असेल, किंवा काय सांगायचं ते आठवत नसेल. आम्ही दोघी वाकून वाट पाहत राहिलो. श्वास थांबला आणि पडदा काळा झाला.

"परत लावू?" वन्संनी विचारलं.

"नको. वन्सं, यांनी ती आठवण स्वतःला लावली होती. अपडेट आपोआप बसलं असतं, तर गुरुवार आला असता आणि गेला असता."

"त्या बाई चौदा महिने थांबल्यात, वहिनी. कदाचित दुसऱ्या कोणी लावूनही दिले असतील."

"शब्द यांनी दिलाय."

त्यांनी तारीख जागेवर आणली. अपडेटचं बटण मी माझ्या हाताने दाबलं. पाऊण तास एक पांढरं वर्तुळ फिरत राहिलं. नंतर फोन उघडला तो स्वच्छ होता, कोणाचाही.

गुरुवारी मी रजा घेतली. जप झाल्यावर यांची पिशवी खाली काढली. पान्यांच्या तळाशी एक चपटी डबी सापडली. आत पत्राची घडी होती, आणि शून्यापासून सातपर्यंतचे पितळी आकडे, कानशीने घासून गुळगुळीत केलेले. डोळे मिटून मी त्यांवरून बोट फिरवलं. चार ओळखता आला, सहालाही चुकले नाही.

डबी पर्समध्ये ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि पिवळ्या इमारतीच्या रस्त्याला लागले.