दुर्गा काळोखे यांची अर्धी कथा

विद्यापीठात दुर्गा काळोखे यांच्या कथांवर व्याख्यान आहे, हे वर्तमानपत्रात वाचलं आणि मी वाचनालय उघडं टाकून कुसुमताई गावड्यांच्या घरी गेलो. एरवी मी कुणाच्या दारात सहसा उभा राहत नाही. पण दुर्गा काळोखे म्हणजे कोण, हे अख्ख्या चिंचवडात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं: मी, कुसुमताई आणि त्यांचे यजमान ज्योतीराम.

दुर्गा काळोखे म्हणजे कुसुमताईच. माहेरी तळेगावात असताना त्या एका मासिकात कथा लिहीत. लग्नात रिवाजाप्रमाणे सासरचं नाव मिळालं. आडनाव तर बदलणारच होतं. तेव्हा त्यांची एक कथा क्रमशः येत होती. ती अर्ध्यावरच राहिली. आता इतक्या वर्षांनी त्यांनी उरलेला अर्धा भाग लिहून कुसुम गावडे या नावानं विद्यापीठाकडे पाठवला होता. तिथे लेखिकांच्या कथांचं पाठ्यपुस्तक व्हायचं होतं. समितीनं तो परत केला: ही दुर्गा काळोखे यांची नक्कल आहे.

"जाऊन सांगायचं, 'ती मीच', एवढंच," मी म्हणालो.

"तुम्ही सांगाल का, गुरुजी?"

मी हो म्हणालो, आणि घरी येईपर्यंत मला घाम फुटला.

ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात होते. व्याख्यानाच्या दिवशी शिफ्ट बदलून तेही आमच्याबरोबर आले. गाडीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. ते माझ्या ओठांकडे बघून म्हणाले, "गुरुजी, आत्ताच समदं बोलून टाकू नका. थितं काय उरायचं न्हाई."

सभागृह भरलेलं होतं. व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापिका सुमनताई बर्वे त्याच समितीतल्या; वयानं लहान, पण बोलणं ठाम. माझ्या आवडत्या कथांची नावं व्यासपीठावरून ऐकताना मला खुर्चीत स्वस्थ बसवेना. मग त्या अर्ध्या कथेवर आल्या. रतन नावाची सासुरवाशीण गाठोडं घेऊन स्टेशनवर बसते, गाडी येते, आणि कथा थांबते.

"रतन गाडीत चढते की नाही, हे दुर्गाबाईंनी मुद्दाम सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या काळात हे केवढं धाडस."

"धाडस कसलं," कुसुमताई पुटपुटल्या. "हळद लागली होती."

"अलीकडे कुणा कुसुम गावडे यांनी ही कथा पुरी करण्याचा प्रयत्न केला. मोठ्या लेखिकेच्या दाराशी अशी गर्दी होतेच."

"गर्दी म्हंजे तू," ज्योतीराम बायकोच्या कानाशी म्हणाले.

प्रश्न विचारा, असं अध्यक्ष म्हणाले. मी उभा राहिलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "दुर्गाबाई हयात आहेत," एवढंच तोंडून निघालं.

सुमनताई व्यासपीठाच्या कडेपर्यंत आल्या. "कुठे असतात?"

मी शेजारी बोट दाखवलं. आता कुसुमताईंना उठावंच लागलं.

"आपण दुर्गा काळोखे?"

"होते. लग्नात नाव बदललं. आता कुसुम गावडे."

सभागृहात हशा उसळला. सुमनताई हसल्या नाहीत. "म्हणून पुढे त्या नावाचं काही सापडेना," त्या हळू म्हणाल्या. "मी एवढी शोधत होते, आणि तुम्हालाच परत पाठवलं."

पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ वळून म्हणाले, "उद्या कुणीही उठून म्हणेल, मी दुर्गा काळोखे. याला पुरावा काय?"

कुसुमताईंनी पिशवीतून कागद काढले. "म्हणू दे की, दादा. पण राहिलेली कथा कोण आणील? रतनचं पुढे काय झालं, ते मलाच ठाऊक आहे."

"इथे येऊन वाचा," सुमनताई म्हणाल्या. "मी ती नक्कल समजून वाचली होती. मला पुन्हा ऐकायची आहे. कोणत्या नावानं जाहीर करू?"

कुसुमताईंनी यजमानांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? कथा तुझी हाय."

"आधी वाचते," त्या म्हणाल्या. "नावाचं मग बघू."

त्या व्यासपीठावर चढल्या. गाडी थांबली, आणि रतननं आधी गाठोडं आत टाकलं, मग स्वतः फलाटावरच उभी राहिली, इथून कथा पुढे निघाली. पहिल्या पानावर त्यांचा आवाज कापत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं, बाई." त्यांनी आवाज चढवला. शिट्टी झाली, गाठोडं एकटंच तळेगावाकडे निघालं, आणि रतन रिकाम्या हातांनी गाडीबरोबर धावू लागली. वृद्ध गृहस्थ पुढे झुकले होते. सुमनताईंनी अध्यक्षांच्या कानाशी काही सांगितलं. मी जवळ होतो, मला ऐकू आलं. "पुस्तकात दोन्ही भाग घ्यायचे. एकत्र."

पान उलटताना कुसुमताई क्षणभर थांबल्या, तर ज्योतीराम जागेवरूनच म्हणाले, "अगं, चढली का न्हाई ती?"