तुटकीच्या मागची वाट

त्या सकाळी उन्हाच्या बाजूच्या कड्यावर एकोणचाळीस रानमेंढ्या होत्या. तेवीस माद्या, चौदा एडके आणि गेल्या साली जन्मलेली दोन पिल्लं. तिने दुर्बिणीतून तीनदा मोजल्या. थोड्या अंतरावर खडकाआड बसून काकांनीही मोजल्या. दोघांचं मोजून झाल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, हा काकांचा नियम. आधी कानावर पडलेला आकडा मग डोळ्यांना दिसायला लागतो, असं ते म्हणत.

आकडे जुळले. आनंद मात्र कोणालाच झाला नाही, कारण गेल्या साली कोकरं जन्मली होती एकोणीस.

ती जनावरांची डॉक्टर, वर्षभरापूर्वी रुजू झालेली. काका वन्यजीव केंद्राचे प्रमुख, म्हणजे तिचे साहेब. नात्याने सख्खे काका, आणि ती राहायलाही त्यांच्याच घरी. कचेरीत ते तिला 'डॉक्टर' म्हणत आणि अहो-जाहो करत. घरी अगं-तुगं. पण घरात रागावले की जेवतानाही 'डॉक्टर' सुरू व्हायचं, आणि मेंढ्या घरात शिरल्याचं काकूंना कळायचं.

सतरा कोकरं कशाने गेली, हे तिने शोधून काढलं होतं. फुप्फुसाचा एक जंतू. मोठ्या मेंढ्या त्यातून तरून जातात, बहुतेकींच्या अंगातून तो निघूनही जातो. एखादीच्या नाकात मात्र तो बिऱ्हाड थाटतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. ती स्वतः धडधाकट असते. कोकरं तिच्या नाकाला नाक लावतात आणि दोन महिन्यांची होईपर्यंत खोकून खोकून मरतात. हिवाळ्यात तिने सगळ्या माद्यांच्या नाकातले नमुने तपासले, संशय आला तिचे तीनदा. तिन्ही वेळा जंतू सापडला. या मेंढीचं डावं शिंग अर्धं तुटलेलं होतं. केंद्रात तिला तुटकीच म्हणत.

उपाय सरळ होता. माद्या विण्याआधी तुटकीला पकडून खाली केंद्राच्या कुंपणात एकटं ठेवायचं, कायमचं. घोडं अडलं ते काकांपाशी.

अकरा वर्षांपूर्वी हा कळप काकांनीच लाकडी पेट्यांतून दुसऱ्या डोंगरावरून आणला होता. रानमेंढी पोटातून नकाशा घेऊन येत नाही. कुठल्या महिन्यात कुठलं गवत, हे ती आईच्या मागे चालून शिकते. इथे आयांनाच डोंगर परका. चार उन्हाळे कळप खालच्याच उतारावर सुकलेलं गवत चघळत राहिला, माद्यांना दूध उतरेना. पाचव्या वर्षी एक मेंढी बर्फाच्या खिंडीतून पलीकडच्या हिरव्या पठारावर गेली आणि कळप तिच्या मागे. काका समोरच्या धारेवर होते. ती मेंढी तुटकी होती. त्यानंतर दर उन्हाळ्यात कळप खिंड ओलांडत होता.

"वाटच तुम्ही पेटीत घालून खाली आणणार, डॉक्टर," काका ताटावरून म्हणाले. "मग बाकीच्यांना काय, नकाशे वाटणार?"

"आणि वाट राहिली, पण चालायला कोणी उरलंच नाही तर?"

काकूंनी दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या ठेवला. "मेंढरं बरी," त्या म्हणाल्या. "निदान चरताना भांडत नाहीत."

तुटकीच पुढे असते याला पुरावा काय, असं तिने विचारलं, तेव्हा काकांनी गळपट्ट्यांच्या नोंदींकडे बोट दाखवलं. उपग्रहाला ठिकाण कळवणारे पट्टे. दर वर्षी खिंडीत तुटकीचा ठिपका पहिला. ती दोन दिवस त्या ठिपक्यांकडे पाहत होती. मग तिच्या लक्षात आलं की पट्टे तीनच मेंढ्यांच्या गळ्यात आहेत. तिघींत तुटकी पहिली, यात वाद नव्हता. उरलेल्या वीस माद्यांचा मात्र त्या नोंदीत मागमूसही नव्हता. पट्टे काकांनीच बांधले होते, आणि पहिला अर्थातच तुटकीला.

खिंडीत हवामानवाल्यांचा एक कॅमेरा होता. तो तासाला एक फोटो काढायचा: बर्फात रोवलेली खुणांची काठी, आणि बर्फ. सात उन्हाळ्यांचे हजारो फोटो तिने डोळ्यांत तेल घालून पाहिले. मेंढ्या दोनच फोटोंत सापडल्या. तिने दोन्ही छापून काकांच्या टेबलावर ठेवले.

पहिल्यात रांगेच्या पुढच्या टोकाला एक मोकळ्या गळ्याची, बिनपट्ट्याची मेंढी होती आणि तुटकी चौथी. दुसऱ्यात सर्वांत पुढे तुटकी.

काकांनी दुसरा फोटो हातात घेतला. "हा कशाला दाखवलास? हा तर माझ्या बाजूचा आहे."

"दोनच आहेत, काका. एक कसा दाखवू?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही, हे आपणच हिला लहानपणी शिकवलं, असं काहीसं ते पुटपुटले. मग म्हणाले, "पकडाल तेव्हा तिच्या डोळ्यांवर पट्टी मात्र मी बांधणार."

भुलीची सुई लागल्यावर तुटकी शंभरेक पावलं गेली आणि शहाण्यासारखी सपाट जागा बघून बसली. काकांनी पट्टी बांधली तसा तिचा श्वास संथ झाला. दिसेनासं झालं की भ्यालेली मेंढीही शांत होते. डॉक्टरीणबाईंनी नाडी मोजता मोजता तिचा खूर हातात घेतला. कडेला दगडासारखी कठीण धार, आत रबरासारखी मऊ गादी. धार खाचेत रुतते, गादी कातळाला धरते. असे चार खूर घेऊन हे साठ किलोंचं जनावर बोटभर रुंदीच्या कपारीवरून पळतं. इतका चांगला बूट माणसाने अजून शिवलेला नाही, असं तिच्या मनात आलं, आणि खूर खाली ठेवताना तिने तो जरा सावकाशच ठेवला.

तुटकी कुंपणात रुळली. वर उरलेल्या बावीस माद्यांना वीस कोकरं झाली.

उन्हाळा तापला तसा कळप खिंडीच्या पायथ्याशी आला आणि बर्फाच्या कडेला थांबला. काका-पुतणी समोरच्या धारेवर तंबू ठोकून होती. एक म्हातारी मेंढी बर्फावर चार पावलं गेली आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशीही तेच. खालचं गवत पिवळं पडत चाललं होतं. काका दुर्बिणीवरून डोळा काढत नव्हते. ती त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. आपण वाट पेटीत घातली की काय, हा विचार दिवसभर तिच्याबरोबर असायचा.

पाचव्या सकाळी एक तरुण मादी कळपातून बाहेर आली. गळा मोकळा, पायाशी कोकरू. तिने बर्फ हुंगला, समोर पाहिलं आणि चालू लागली. खिंडीच्या मध्यावर ती थबकली. मागच्या म्हाताऱ्या मेंढीने तिला डावीकडे वळसा घालून मागे टाकलं. पुढे कातळाशी तिसरीच कोणी आघाडीला आली. ज्या वळणावर जिला आठवत होतं, त्या वळणावर ती पुढे होत होती. मेंढरासारखं मागे मागे जाऊ नये, असं शाळेत बजावणाऱ्या मास्तरांनी एकदा इथे येऊन बसायला हवं होतं.

काकांनी दुर्बीण तिच्याकडे सरकवली. डोळे पुसत म्हणाले, "तूच मोज गं. मला नीट दिसत नाहीये."

शरद ऋतूत कळप खाली उतरला. दोघांनी वेगवेगळ्या खडकांआड बसून मोजलं, आणि मगच आकडे सांगितले. जन्मलेली कोकरं वीस. जिवंत सतरा.