सहा शतांशांची चूक

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर मी असतो. अंग पोलादाचे, लांबी वीतभर आणि एका जबड्यावर बारीकसे टेंगूळ. मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे. घाईत असलात की तुम्ही मला 'तो बिघडलेला' म्हणता. म्हणा बापडे! पण आज तुमचे गणिताचे सर रजेवर आहेत आणि तास मोकळा आहे, तर माझी हकीकत ऐका. खरे सांगायचे तर ती माझी कमी आणि तुमच्या विज्ञानाच्या बाईंची जास्त आहे.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद झालो, तेलात चरचरलो, घासून घासून गुळगुळीत झालो. मग माझ्या अंगावर रेघा कोरल्या गेल्या. काही मुख्य पट्टीवर, काही सरकत्या पट्टीवर. दोन्हीकडची रेघ जुळली की मी मिलिमीटरचे दोन शतांशसुद्धा सांगतो. तुमच्या डोक्यावरचा केस याहून जाड असतो! तेव्हा थोडा तोरा होता माझ्यात, कबूल करतो.

पाणी उपसणारे पंप बनवायच्या एका कारखान्यात मी आलो. तिथल्या तपासणीच्या खोलीत बाई नोकरीला होत्या. पंपाचा प्रत्येक दांडा त्या माझ्या जबड्यात धरत, उजेडाकडे वळून माप वाचत आणि दोन शतांशांचा फरक दिसला तरी दांडा परत पाठवत.

"ताई, दोन शतांशांनी काय आभाळ कोसळतंय?" कारागीर कुरकुरत.

"आभाळ नाही कोसळत, पंप गळतो," बाई म्हणत.

त्यावरून त्यांचे नावच पडले, शतांशताई. एकोणीस वर्षे आम्ही दोघांनी मिळून एकही गळका पंप बाहेर जाऊ दिला नाही.

पुढे आकडे आपोआप दाखवणारी नवी मापे आली. कानामागून आली आणि तिखट झाली! माझी रवानगी खणात झाली. तिथेच मी गंजलो असतो, पण उस्ताद आले.

उस्ताद म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. नुसते बोट फिरवून दांडा जाड की बारीक ते सांगणारे. त्यांना पाळीचे प्रमुख करायचे ठरले होते आणि प्रमुखाला रोजची मापे वहीत लिहावी लागत. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ते तपासणीच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतले.

"ताई, कोणाला बोलू नका. दशांश चिन्हाच्या पुढचं मला काही कळत नाही. तीस वर्षं अंदाजानं निभावलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खण उघडून मला बाहेर काढले. नव्या मापावर आकडा आयता मिळतो, तो कुठून आला ते दिसत नाही. माझ्यावर दिसते. अकरा सुट्ट्या त्या उस्तादांसोबत बसल्या. बाराव्या दिवशी उस्तादांनी एक दांडा स्वतः मोजला, आकडा लिहिला आणि नव्या मापाशी ताडून पाहिला. तंतोतंत! उस्तादांनी मला अलगद टेबलावर ठेवले.

"मला शिकवायला बसले पुष्कळ जण," ते म्हणाले, "पण मला कळेपर्यंत थांबलं कोणीच नाही. ताई, तुम्ही इथे लोखंड कसलं मोजत बसलात?"

ते वाक्य बाईंच्या मनातून जाईना. वय त्रेचाळीस. विज्ञानाची पदवी होती, पण तिच्यावर धूळ साचलेली. शिक्षिका व्हायचे तर शिक्षणशास्त्राची दोन वर्षांची पदवी घ्यायची, शाळेत सरावाचे पाठ द्यायचे, तेव्हा कुठे शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळणार. पहिले वर्ष त्यांनी कारखाना सांभाळून संध्याकाळच्या वर्गात काढले. दुसऱ्या वर्षी मात्र दिवसभर शाळेत असणे भाग होते. म्हणजे नोकरी सोडायची. नेमके त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावून सांगितले, तपासणी विभागाच्या प्रमुख तुम्हीच.

घरी सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "अगं, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेस? लेक कॉलेजात जायच्या वयाची, आणि तू दप्तर घेणार?"

बाईंचे यजमान बसचालक. ते बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आई, मी रोज शेकडो माणसं त्यांच्या ठिकाणी पोचवतो. घरातल्या एका माणसाला मध्येच उतरवू होय?"

बाईंनी राजीनामा दिला. निरोपाला काय हवे, असे साहेबांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "खणातला तो जुना कॅलिपर द्या." मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोलादाच्या छातीतही काहीतरी हलले.

आता सगळे सुरळीत झाले असे समजू नका. पहिला पाठ नववीच्या वर्गावर होता, माझ्याबद्दलच. चाळीस मिनिटे बाई बोलत होत्या. व्याख्या झाल्या, सूत्र झाले, फळा भरला. मागच्या बाकावर कागदाची विमाने तयार होत होती. बाईंच्या कॉलेजच्या प्राध्यापिका कोपऱ्यात बसून पाहत होत्या. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला : 'शिकवले भरपूर. शिकले कोणी नाही.' मी तो वाचला. वही आणि मी एकाच पिशवीत होतो.

बाई घरी आल्या आणि चपलाही न काढता पलंगाच्या कडेवर बसल्या. "चुकलं माझं. कारखान्यात मला मान होता हो."

सासूबाई आता 'तरी मी सांगत होते' म्हणणार, असे मला वाटले. पण त्या समोर स्टूल ओढून बसल्या. "म्हण बघू तो पाठ माझ्यापुढे. जसाच्या तसा."

बाईंनी म्हटला. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकला. "तू सांगतेस फार. विचारत काहीच नाहीस. मी माणूस आहे की भिंत?"

बाई रडता रडता हसल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात शाळा भरू लागली. सासूबाईंनी 'हं, आता पटलं' म्हटल्याशिवाय पाठ शाळेत जायचा नाही. महिन्याभरात त्या म्हातारीने मला हाती धरून घरातले काहीही मोजायचे सोडले नाही. बटणे झाली, कडी झाली, नातीच्या चष्म्याची काच झाली. "माझी बांगडी एका अंगाला झिजलीये," त्यांनी एक दिवस जाहीर केले, "आणि हे मला सत्तराव्या वर्षी कळतंय!"

मग शेवटच्या पाठाचा दिवस उजाडला. यात उत्तीर्ण झाल्या तरच पदवी आणि प्रमाणपत्र. कोपऱ्यात त्याच प्राध्यापिका. या वेळी फळा जवळजवळ कोरा होता. मी बाकाबाकांवरून फिरत होतो. कोणी पेन्सिल मोजत होते, कोणी खोडरबर. वर्गात चांगला गलका होता, कामाचा गलका. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीच्या हातून मी निसटलो आणि फरशीवर जबड्यावर आपटलो.

मुलगी पांढरीफटक पडली. प्राध्यापिकांची लेखणी थांबली.

बाईंनी मला उचलले. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही पडू दिले नव्हते. त्यांचा अंगठा माझ्या ताज्या टेंगळावरून फिरला. मग त्यांनी माझे जबडे मिटले आणि मला त्याच मुलीच्या हातात दिले.

"बघ बरं, दोन्ही शून्यं जुळतात का?"

"नाही बाई. तिसरी रेघ जुळतेय." आवाज रडवेला होता. "सहा शतांश."

"म्हणजे जबड्यात काहीच नसताना हा सहा शतांश सांगतोय. खोटं बोलतोय. मग टाकून द्यायचा का?"

बाई थांबल्या. खूप थांबल्या. शेवटी मागच्या बाकावरून, विमानांच्या वस्तीतून, आवाज आला, "बाई, तो प्रत्येक वेळी तेवढंच खोटं बोलणार ना? मग तेवढं वजा करायचं!"

"सहा शतांश वजा!" सगळा वर्ग ओरडला. पाठ्यपुस्तकात ज्याला शून्य त्रुटी म्हणतात, ती त्या दिवशी छत्तीस मुलांना कोणी न सांगता कळली. ती मुलगी सर्वांत आधी नवे माप घ्यायला सरसावली.

प्राध्यापिका जाताना दारात थांबल्या. "बाई, हे पडणं तुम्ही ठरवून आणलं होतं का?"

"नाही हो. माझा जीव गेला होता!"

"मग तर पूर्ण गुण," त्या म्हणाल्या.

बाई उत्तीर्ण झाल्या. या शाळेत त्यांना नोकरी मिळाली आणि त्यांच्याबरोबर मलाही. माझे टेंगूळ घासून काढता आले असते. बाईंनी ते मुद्दाम ठेवले आणि मला एक चिठ्ठी बांधली : 'सहा शतांश वजा करावेत.'

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. वापरून झाले की माझ्यावरचा घाम पुसा, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या आणि मला खणात कोंडून ठेवू नका. आणि कोणी एखादी गोष्ट चुकले, मग ते मोजण्याचे साधन असो वा शेजारच्या बाकावरचे पोर, तर त्याला बिघडलेला म्हणण्याआधी त्याची चूक किती आहे ते नीट मोजा.

आणि हो, प्रमाणपत्र हाती आले त्या दिवशी बाईंनी ते त्याच नववीच्या वर्गात आणले होते. मुलांनी ते पाहिले आणि एकाने लगेच त्याची कडा माझ्या जबड्यात धरली. छत्तीस शतांश. त्यातून सहा वजा.

"बाई, तुमचं प्रमाणपत्र फक्त तीस शतांश मिलिमीटर जाड आहे!"

"अरे, पण ते मिळवायला दोन वर्षं लागली!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते पुढच्या बाकावर, मोजायला सरकवले.