गळ्याऐवजी गाल

राखाडीला कुणाची परवानगी लागायची नाही. करड्या कोटातला हा मेलेला माणूस भिंतीतून बाहेर यायचा, समोरच्या पुरुषाच्या गळ्यावर हात ठेवायचा आणि दोनच शब्द बोलायचा, "हलू नकोस." मग तो पुरुष दरोडेखोर असो नाहीतर फौजदार, उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा विरघळायचा. बावीस वर्षं दर महिन्याला हेच चाललं होतं आणि भयकथांचं ते चित्रमासिक लोक हातोहात उचलत होते.

राखाडीला कागदावर आणणारा चित्रकार मात्र चहात साखर जास्त पडली तरी तसाच पिऊन टाकायचा. ऑफिसात त्याला वात्रट म्हणत. वय त्रेपन्न, खोड्या तेराच्या. संपादक बाईंच्या खुर्चीवर झुरळ ठेव, शाईच्या बाटलीत रबराचं तुटकं बोट सोड. माणसं हसत राहिली की प्रश्न विचारत नाहीत, हे त्याला फार लवकर कळलं होतं. घरी एक खोली, एक ताट, एक उशी. तिथं खोडी काढायची तरी कुणाची?

शेजारच्या टेबलावर शाईवाला बसायचा. वात्रटानं पेन्सिलीनं पान काढायचं, शाईवाल्यानं त्यावर ब्रशनं काळी शाई फिरवायची. हा दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, म्हणून त्याचं नाव पडलं मौनीबुवा, पुढं नुसतं बुवा. बायको जाऊन वर्षं झालेली, लेक लांबच्या गावी. मान खाली घालून कामाला लागला की डाव्या कानाखालचा तीळ दिसायचा.

तोच तीळ राखाडीच्या प्रत्येक सावजाला होता. मानही तीच. "सगळ्यांना कानाखाली तीळ कसा? यात काही रहस्य आहे का?" असं एका वाचकानं विचारलंही होतं. आता दर महिन्याला त्या तिळावर शाई कोण लावायचं? बुवाच. बावीस वर्षांत तो त्यावर एकदाच बोलला, तेही पानावरून नजर न उचलता.

"तीळ खाली आलाय. जरा वर घे."

वात्रट त्या दिवशी घरी चालत गेला. दोन तास लागले.

या धंद्यात एक निळी पेन्सिल असते. छापखान्याच्या कॅमेऱ्याला तिची रेघ दिसत नाही, म्हणून शाईवाल्याला सूचना द्यायच्या त्या निळ्यानं. काळ्यावर शाई, निळं तसंच सोडायचं, हा नियम. वात्रट समासात निळ्यानं बुवाला टोमणे लिहायचा. "आज केस जास्त दिसतायत, उसने आणलेस का?" बुवा वाचायचा, मिशीत हसायचा, शाई लावायचा. निळ्या रेघेला त्याचा ब्रश कधी चुकूनही लागला नाही.

मग आपल्याकडे राहायला चला असा बुवाच्या लेकीनं हट्ट धरला आणि त्यानं नोकरी सोडली. त्याच्या शेवटच्या पानावर राखाडी एका पहारेकऱ्याला धरतो असं होतं. वात्रटानं ठरल्याप्रमाणं काळ्या पेन्सिलीनं हात गळ्यावर काढला. इतकी वर्षं त्यानं पुरुषाच्या अंगावर पुरुषाचा हात राजरोस काढला होता, कुणी हूं की चूं केलं नव्हतं. गळा धरला की भीती, गाल धरला की बोभाटा. त्यानं निळी पेन्सिल उचलली आणि तोच हात पुन्हा काढला. बोटं सैल, तळवा पहारेकऱ्याच्या गालावर. बुवाला तेवढं दिसावं. काही म्हणाला तर ठीक, नाहीतर खोडी होती म्हणून हसायचं.

त्यानं पान सरकवलं. बुवानं ते बराच वेळ पाहिलं.

"दुपारपर्यंत देतो," म्हणाला.

दुपारी बुवानं पान थेट बाईंच्या टेबलावर ठेवलं, सगळ्यांना नमस्कार केला, वात्रटापाशी आला. "ब्रश ठेवून जातोय. धुवत जा, आळशा."

"लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊ नकोस," वात्रट म्हणाला. त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं. बुवा जिना उतरून गेला.

अर्ध्या तासानं बाईंनी हाक मारली. पान त्यांच्या समोर होतं. गळ्यावरचा काळा हात रबरानं साफ खोडलेला, आणि निळ्या हातावर शाई. एकेक बोट, एकेक नख. असं सुबक काम बुवानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"राखाडीला गळा सापडेना का?" बाई म्हणाल्या. "वाचक म्हणतात त्याला बायको द्या, आणि हा पहारेकऱ्याचे गाल कुरवाळतोय. बुवांना दिसत नव्हतं वाटतं."

वात्रट म्हणाला, "बाई, ती चूक नाही. मीच तसं काढलं होतं. बुवासाठी."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "जाताजाता पण म्हाताऱ्याला सोडलं नाहीत ना?"

"खोडी नाही ही."

"हो, झुरळही खोडी नव्हतीच." त्यांनी फोन उचलला. "थांबा, बुवांनाच विचारते. घरी पोचले असतील, लेक न्यायला आलीये."

लेकीसमोर बुवा काय सांगणार? वात्रटाला ते आख्खं चित्र चौकटीसकट दिसलं.

"नको," तो म्हणाला. "नजर गेलीये त्याची. मी करतो दुरुस्त."

त्यानं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. बुवाला आयुष्यात एकदाच उत्तर द्यावंसं वाटलं, आणि त्यावर पांढरं फासायला वात्रटच बसला. आधी अंगठा, मग बोटं, शेवटी तळवा. सुकल्यावर त्यानं पुन्हा गळ्यावरचा हात काढला आणि बुवाचा ब्रश शाईत बुडवला. "हलू नकोस," स्वतःच्या मनगटाला म्हणाला. मनगट काही राखाडीच्या हुकमातलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पत्रं आली. राखाडीचा हात का थरथरतोय? तो घाबरला का? बाई खूश. "खपतंय हे. पत्रांच्या पानासाठी काहीतरी गमतीदार उत्तर लिहा." त्यानं तीन गमतीदार उत्तरं लिहिली, फाडली, आणि नुसतं "हो" लिहून दिलं.

छापखान्यातून मूळ पान परत आलं ते तो घरी घेऊन गेला. गालावर पांढऱ्याचा थर जाड बसला होता. त्यानं अंगठा फिरवला तर खालची शाई बोटाला लागत नव्हती, पण उंचवटा लागत होता. कानाखालचा तीळ तेवढा कुणी झाकला नव्हता. नीट पाहिलं तेव्हा कळलं, बुवानं तो पेन्सिलीच्या खुणेवर लावलाच नव्हता. जरा वर घेतला होता.