पडकईचे दहा गुण

आरतीनं माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून कॉलेजचा एक कागद चिकटवला होता. ‘पारंपरिक कृषिज्ञान : मूल्यमापन व वर्तणूक’. चहाचं आधण ठेवलं की तो समोर यायचा, त्यामुळे महिन्याभरात मलाच पाठ झाला. दहा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर. ओळखपत्र गळ्यात. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. आणि सातवा नियम : कारणे सांगू नयेत.

तो सातवा नियम वाचून मला फार बरं वाटायचं. हा कागद लिहिणाऱ्याला शिस्त कळते, असं मी आरतीला म्हणायची. ती मान हलवायची आणि पोळीचा घास चहात बुडवायची.

आरती गेणभाऊची धाकटी. त्यांची वाडी तळेघरच्याही वर, एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. म्हणून सोमवार ते शनिवार ती जुन्नरला माझ्याकडे राहते. त्या बाजूच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. ट्रंक डोक्यावर घेऊन दीड तास चढायचं, वर पोचलं की कुणीतरी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवायचं. ती चव पुढे कुठे मिळाली नाही. गेणभाऊ माझ्याच वर्गात होता. तेव्हा तो गेणू होता.

फेब्रुवारीत गेणभाऊ बांधावरून घसरला आणि पायाला प्लॅस्टर बसलं. नेमकी पडकई चालू होती. जमीन डोंगरउताराची, त्यामुळे भात लावायचं तर आधी उतार फोडून सपाट खाचर करायचं. एका घराच्यानं ते होत नाही. म्हणून सात-आठ घरं मिळून आधी एकाचं खाचर करतात, मग दुसऱ्याचं. संक्रांतीनंतर सगळी जणं गेणभाऊच्या उतारावर राबून गेली होती. आता त्यांच्या खाचरांची पाळी. ज्या घरातून माणूस आला नाही त्याला कुणी काही बोलत नाही. पुढच्या वर्षी त्याच्याकडे कुणी जात नाही, एवढंच.

त्यामुळे बापाच्या जागी आरती गेली. नऊ दिवस दगड आणि माती वाहिली. त्याच नऊ दिवसांत कॉलेजात पडकईचा धडा शिकवून झाला.

मार्चअखेरीस फळ्यावर यादी लागली. परीक्षेला बसता येणार नाही अशी तीन नावं, त्यांत आरती. दोन तास कमी पडले होते. वर्ष बुडणार होतं, आणि बुडालं तर गेणभाऊ तिला पुन्हा पाठवेल याची खात्री तिलाही नव्हती. त्या दिवशी ती पातेली घासत राहिली. मी विचारलं, क्षेत्रभेटीला तरी जायचंस. क्षेत्रभेटीचे दोन तास धरतात, हे मला कागदावरून माहीत होतं.

“क्षेत्रभेट आमच्याच पडकईवर आली व्हती, बाई,” ती म्हणाली.

एक गाडी भरून मुलं आली होती. आरती खाचरात होती, डोक्यावर मातीची पाटी. सरांनी तिच्यासमोर उभं राहून पडकई समजावून सांगितली, मुलांनी लिहून घेतली. वर्गातल्या समृद्धीनं तिचा फोटो काढला. तो आता विभागाबाहेर लावलाय, खाली लिहिलंय : ‘पारंपरिक श्रमात रमलेली स्थानिक महिला’. हजेरीचा कागद गाडीत फिरला होता. आरती गाडीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. विभागप्रमुखांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते उठून माझ्या पाया पडले. सुदर्शन! गेणूच्या बाकावरचाच, त्या वेळच्या ग्रामसेवकांचा मुलगा. तीन वर्षांत एक दिवस गैरहजर नाही. अर्थात त्यांना तिथे शेत नव्हतं.

त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मग टेबलाच्या काचेखालचा तो कागद दाखवून म्हणाला, “बाई, हे सगळं तुमचंच. सातवा नियम ओळखलात का?”

मी चष्मा पुसला. ओळखायला हवा होता.

मग मी आरतीचं सांगितलं. तो माझ्याबरोबर बाहेर आला, फोटो जवळून पाहिला आणि मुलगी तीच आहे हे त्यानं सरळ मान्य केलं. परंतु गळ्यात ओळखपत्र नव्हतं. शिवाय खोलीत परतल्यावर त्यानं फाइल काढून उपस्थित ग्रामस्थांची यादी दाखवली. बाराव्या क्रमांकावर आरतीची सही होती. एकच व्यक्ती एकाच दिवशी ग्रामस्थ आणि विद्यार्थिनी कशी दाखवायची? तपासणीला माणसं येतात, ती विचारतात. घरच्या वाट्याची पडकई होती हे त्याला समजत होतं. “पण बाई,” तो हळूच म्हणाला, “हे कारण झालं.”

इतक्या वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि मीच त्याला ते शिकवलं होतं.

“तुझ्या शेजारी गेणू बसायचा, आठवतो?”

“हुशार होता. मध्येच सोडली शाळा त्यानं.”

“सोडली नाही. मी पटावरून नाव काढलं. पंधरा दिवस पडकईला गेला होता. परत आला तेव्हा दारात उभा राहून सांगायला लागला, तर मी म्हटलं, कारणं सांगू नकोस. ही त्याची मुलगी.”

सुदर्शननं फाइल मिटून कपाटात ठेवली. चहावर साय आली. मग म्हणाला, “नियम मात्र चांगलाच होता, बाई.” मला नाही म्हणता येईना. चव्वेचाळीस वर्षं माझंही तेच मत होतं.

नियम त्यानं मोडला नाही. ग्रामस्थांच्या यादीतून एका जाणकाराला दोन तासांच्या व्याख्यानासाठी बोलवायची सोय त्याच कागदावर होती. त्यानं बाराव्या क्रमांकाला बोलावलं. त्या दिवशी आरती आधी बाकावर बसली, नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणाली, मग उठून फळ्यापाशी गेली. सुदर्शननं तिला नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं. ओळखपत्र गळ्यात होतं. पंचाहत्तर टक्के भरले.

परीक्षेत पडकईवर दहा गुणांचा प्रश्न आला. समृद्धीनं लिहिलं की निःस्वार्थ सहकार्याची ही थोर परंपरा आहे. तिला नऊ मिळाले. आरतीनं लिहिलं की कोण आलं आणि कोण नाही हे सगळ्यांच्या ध्यानात असतं, म्हणून माणसं येतात. तिला चार. पण पास झाली.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, गेणभाऊ निकाल बघायला आला. किंचित लंगडत होता. नाचणीच्या पिठाची पिशवी ओट्यावर ठेवून त्यानं आरतीच्या तपासलेल्या पेपरावरचे गुण दोनदा वाचले. पडकईच्या चारावर बोट ठेवून म्हणाला, “समद्यात कमी हितंच व्हय?” आणि पोट धरून हसला.

आरती दूध आणायला गेली होती. गेली कित्येक वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते आत्ताच बोलावं, असं मी ठरवलं. तो दारावरचा कागद वाचत होता, एकेका ओळीवर बोट फिरवत, माझ्या वर्गात वाचायचा तसा.

“गेणभाऊ,” मी म्हटलं, “तेव्हा तुझं नाव मी जे काढलं ना, त्याचं असं झालं की...”

त्याचं बोट सातव्या ओळीवर थांबलं.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” तो म्हणाला. “कारणं सांगू नये, असं लिवलंय हितं.”