घोरपडीच्या जागी घमेलं

मी घमेलं बोलतोय, आणि रागानं बोलतोय. गोड आवाजात हकिगत सांगणारी घमेली दुसरीकडे शोधा.

पत्रा दाबून माझा जन्म झाला. बाहत्तरच्या दुष्काळात एकात एक बसवून आम्हाला ट्रकनं तेरला आणून टाकलं, रस्त्याच्या कामावर. खडी, मुरूम, पुन्हा खडी. मी कमलबाईच्या वाट्याला आलो. ती मॅट्रिक झालेली, नुकतीच लग्न होऊन आलेली. पण त्या वर्षी शिकलेल्याला आणि अडाण्याला खडी एकच होती.

दुपारी भाकरीची सुट्टी झाली की बाया लिंबाखाली बसायच्या. कमलबाई मला पालथं घालायची आणि माझ्या बुडावर कागद ठेवायची. कागद म्हणजे साखर कारखान्याच्या निवडणुकीची पत्रकं, मागून कोरी. त्यांच्यावर तिनं कादंबरी लिहिली. तेरणा नदी अपमान सहन न होऊन उठून निघून जाते, आणि गेंदा नावाची मुलगी बैलाएवढ्या घोरपडीवर बसून तिला शोधायला जमिनीखालच्या नगरीत उतरते. तिथली माणसं शेळ्यांसारख्या सावल्या पाळतात. माझ्या बुडाला एक भोक होतं. पेन तिथं आलं की कागद फाटायचा, म्हणून ती तेवढी जागा सोडून पुढं लिहायची.

लिहिलेलं ती तिथंच वाचून दाखवायची, आणि बाया भीडभाड ठेवत नव्हत्या. एकदा तिनं घोरपडीला पंख दिले, तर मथुराबाई भाकरी हातात धरूनच भडकली.

"पंख कशाला गं? तिला भिंत चढता येती की! चिकटली म्हंजी सुटत न्हाय."

कमलबाईनं पंख खोडले. इतक्या जोरात खोडले की त्याचे ओरखडे अजून माझ्यावर आहेत.

काम बंद पडलं तेव्हा भोकाचा म्हणून मला मोडीत काढलं. कमलबाई मला घरी घेऊन आली. पुढं तिला दूध संस्थेत नोकरी लागली, घरात टेबल आलं, तरी लिहायला मीच लागायचो.

कादंबरी पुरी झाली त्या वर्षी पुण्याचे एक प्रकाशक तेरचे जुने अवशेष बघायला आले. कुणीतरी त्यांना हिचं नाव सांगितलं. घरात येऊन त्यांनी भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघितली, कोपऱ्यातला मी बघितला, आणि त्यांचे डोळे चमकले.

"बाई, तुमच्या समाजातून सध्या काय जळजळीत आत्मकथनं येतायत! तुम्ही तुमचा दुष्काळ लिहा. हे घमेलं लिहा. घोरपडी आणि नगऱ्या कशाला?"

"साहेब, दुष्काळ मी भोगलाय," कमलबाई म्हणाली. "म्हणून मला दुसरं काही सुचूच नये का? आधी घोरपड वाचा."

माझं अंग तापलं. उपाशी राहिलेल्या माणसानं भुकेबद्दलच बोलावं, हा कुठला कायदा? खडी वाहणाऱ्या बाईच्या डोक्यात नगरी असू नये?

त्यांनी वाचली. एक शब्द न बदलता छापतो म्हणाले. जाताना माझा फोटो काढला. आम्हाला वाटलं, हौस असेल.

पुस्तक आलं. शब्द खरंच बदलला नव्हता. पण मुखपृष्ठावर मी! भोकासकट, मागं भेगाळलेली जमीन चिकटवलेली. खाली छापलेलं : 'दुष्काळात होरपळलेल्या स्त्रीची कहाणी'. ज्यांना घोरपड आवडली असती त्यांनी पुस्तक उचललंच नाही. ज्यांनी उचललं ते घोरपड बघून चिडले. परंड्याच्या वाचनालयानं तिला भाषणाला बोलावलं, तर सगळे विचारत होते, उपाशी कशा राहिलात? नदी सापडली का, हे एकानंही विचारलं नाही. लाज वाटली मला, माझ्याच तोंडाची.

मथुराबाईला वाचता येत नाही. तिनं पुस्तक उलटसुलट करून बघितलं.

"हे तर आपलं घमेलं. घोरपड कुठं हाय गं?"

"आत हाय, मावशी."

"मग वर हे कशाला? लोकाला वाटंल, आत खडीच हाय."

कमलबाईचे डोळे भरले. तिनं पुस्तक उघडलं आणि मथुराबाईला पहिल्या पानापासून वाचून दाखवायला घेतलं.

आता मी गंजलोय, कडा झिजल्यात. तरी परवा तिनं मला पुन्हा पालथं घातलं. गेंदा पुन्हा निघालीय.

प्रकाशकसाहेब, तुम्हाला आत्मकथन हवं होतं ना? हे घ्या, माझं. खडी, मुरूम, दुष्काळ, सगळं यात आहे. यावर खुशाल माझा फोटो छापा. तिच्या पुस्तकावरून मात्र मला उतरवा आणि तिथं घोरपड बसवा. बिनपंखांची.